पाणी तोडले तर द्राक्षात साखर उतरेल का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: नागपूर जिल्ह्याच्या काटोल-कळमेश्वर पट्ट्यातील एका वाचक भगिनीच्या घरी तीन पिढ्यांपासून संत्र्याची बाग आहे. डिंक्या रोगाने काही झाडे गेल्यावर मोकळ्या झालेल्या एका एकरात त्यांनी बिनबियांच्या हिरव्या द्राक्षाची लागवड केली आणि यंदा पहिले पीक धरले. ऑक्टोबरमध्ये काळ्या जमिनीत पाणी साचून राहिल्याने फळछाटणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मण्यांत पाणी उतरले, म्हणजे ते मऊ होऊन पिकू लागले, गोडीही भराभर चढू लागली, पण पारा ४० अंशांच्या पुढे गेल्यापासून दहा दिवस झाले तरी ब्रिक्स, म्हणजे रसाच्या गोडीचे माप, १५.५ वर अडून बसला आहे. व्यापारी १८ झाल्याशिवाय माल उचलत नाही. सासरे म्हणतात, संत्र्याला देतो तसा ताण द्या, पाणी तोडा. नाशिककडची मैत्रीण म्हणते, घडाजवळची पाने काढून ऊन लागू द्या. कृषी केंद्रवाला साखर वाढवणारे औषध देऊ करतो. यजमान म्हणतात, हे पीक आपल्या भागाचे नाही, वेली काढून पुन्हा संत्राच लावू. त्या विचारतात: “आमच्याकडे उन्हाला तोटा नाही, मग गोडी का येत नाही? मी कोणाचे ऐकू, आणि यात माझे काही चुकले का?”

ताई,

उत्तर लांबणार आहे, म्हणून तातडीची गोष्ट आधी सांगते. हे वाचेपर्यंत पाणी तोडले नसेल तर तोडू नका, आणि तोडले असेल तर आज रात्रीपासून थोडे थोडे सुरू करा. बाकीचे सगळे निर्णय चार दिवस थांबू शकतात, हा थांबू शकत नाही.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दाकडे वळते, कारण चौघांच्या चार सल्ल्यांपैकी निदान दोन त्या शब्दावर उभे आहेत. आपल्या बोलण्यात ‘ऊन’ हा एकच शब्द प्रकाशालाही आहे आणि तापालाही आहे. उन्हाने फळ गोड होते असे आपण म्हणतो, तेव्हा ते काम प्रकाश करत असतो. पानावर प्रकाश पडला की पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी आणलेले पाणी यांच्यापासून साखर बनवते. ताप हा या कामाचा सोबती आहे खरा, पण एका मर्यादेपर्यंतच. द्राक्षाच्या पानाचे हे काम साधारण २५ ते ३० अंशांच्या आसपास सर्वांत चांगले चालते, ३५ च्या पुढे ते उतरणीला लागते, आणि ४० च्या वर पानाची रंध्रे दुपारभर जवळजवळ मिटलेली राहतात, कारण उघडी ठेवली तर वेलीतले पाणी हवा ओढून नेईल. रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. त्याच वेळी वेलीचा श्वसनाचा खर्च वाढत असतो. तापमान दहा अंशांनी चढले की हा खर्च साधारण दुप्पट होतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्रीही फारशा निवत नाहीत, त्यामुळे दिवसा कमावलेल्या साखरेतला मोठा वाटा रात्रीच संपतो. थोडक्यात, तुमच्या बागेत प्रकाश भरपूर आहे, पण त्याचा उपयोग करून घेण्याचे तास सकाळच्या तीन-चार तासांवर आले आहेत.

ऑस्ट्रेलियात सेमियाँ जातीच्या वेलींवर झालेला एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नियंत्रित खोलीत ठेवलेल्या वेलींना दिवसा ४० आणि रात्री २५ अंश एवढा ताप सलग चार दिवस दिला गेला. पानांची साखर बनवण्याची क्षमता सुमारे एक तृतीयांशाने घटली, आणि ताप काढून घेतल्यावर ती पूर्ववत व्हायला १२ दिवस लागले. पिकण्याच्या मधल्या टप्प्यावर असलेल्या मण्यांची फुगवणही थांबली आणि साखरही. तुमच्या बागेने असे दहा दिवस काढले आहेत. तुमचा ब्रिक्स अडला यात मला नवल वाटत नाही, आणि तुमची काही हयगय झाली असेही मला वाटत नाही.

पण साखर बनणे ही अर्धीच गोष्ट झाली. ती मण्यापर्यंत पोहोचते कशी, हे समजले की सासऱ्यांच्या सल्ल्याचा विचार करणे सोपे जाईल.

शाळेत शिकलेल्या जलवाहिन्या आणि रसवाहिन्या तुम्हाला आठवत असतील. जलवाहिन्या मुळांकडून पाणी वर आणतात, आणि रसवाहिन्या पानातली साखर सुक्रोजच्या रूपात फळाकडे, खोडाकडे, मुळांकडे नेतात. रसवाहिनीला कोणताही पंप जोडलेला नाही. पानाच्या टोकाला तिच्यात साखर भरली जाते, त्या दाट रसाकडे शेजारच्या जलवाहिनीतून पाणी ओढले जाते, दाब वाढतो आणि त्या दाबाने रस फळाकडे ढकलला जातो. फळाच्या टोकाला साखर काढून घेतली जाते, म्हणून तिथला दाब कमी राहतो आणि प्रवाह चालू राहतो. यात पाण्याचे काम काय आहे ते पाहा: साखर वाहून नेणारे वाहन पाणीच आहे. मुळाशी ओल कमी पडली तर पानाच्या टोकाला दाब तयार होत नाही, रस दाट होतो, आणि पानात साखर असली तरी ती हलत नाही. उलट पानात साखर तुंबली की पान नवी साखर बनवण्याचे कामही मंद करते.

मण्याच्या दारातही बरेच काही घडते. आपण ज्याला मण्यात पाणी उतरणे म्हणतो, त्या सुमाराला मण्याचा सगळा कारभार बदलतो. त्याआधी मण्याला पाणी मुख्यतः जलवाहिन्यांतून मिळते. त्यानंतर तो पुरवठा फार कमी होतो आणि मणी पाण्यासाठीही मुख्यतः रसवाहिन्यांवर अवलंबून राहतो. रसवाहिनीतून आलेले सुक्रोज तिथल्या विकरांकडून फोडले जाते, त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ही साखर विशिष्ट वाहक प्रथिनांच्या मदतीने पेशीतल्या मोठ्या पोकळीत साठवली जाते. ही विकरे आणि वाहकेही तापाला संवेदनशील आहेत. आपल्या ओळखीच्या पिकातले उदाहरण सांगते: कपाशीच्या शेतातील झाडांवरचा एक अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कडक तापात रसवाहिन्यांच्या चाळण्यांवर कॅलोज नावाचा पदार्थ साचतो आणि रसाची वाट अरुंद होते, हे दिसले होते. म्हणजे एकाच तापाने साखर बनणे कमी होते, वाटेत ती अडते, आणि मण्यात शिरतानाही अडखळते.

याच माहितीतून बागेत करून पाहण्याजोगी एक परीक्षा मिळते. दुपारी तीनला मण्याच्या देठाकडचा भाग बोटांनी चाचपून पाहा. तिथे हलकीशी खळी पडलेली असेल, साल किंचित सैल लागत असेल, तर रसवाहिनीतून येणाऱ्या रसापेक्षा सालीतून उडून जाणारे पाणी जास्त झाले आहे. तोच मणी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला टणक झालेला असेल तर काळजी नाही, रात्रीत पुरवठा भरून निघाला. सकाळीही खळी तशीच असेल, तर वेल सावरत नाही आणि पाण्याकडे लगेच लक्ष द्यायला हवे.

आता तुमचे सासरे. त्यांच्या सल्ल्यामागे एक खरे ज्ञान आहे, म्हणून तो हलका समजू नका. संत्र्याला ताण देतात तो बहार धरण्यासाठी. आंबिया बहारासाठी डिसेंबरच्या सुमारास, मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये पाणी तोडतात, झाड विश्रांती घेते, आणि मग पाणी मिळाले की फुलावर येते. त्या वेळी झाडावर गोडी भरायची असलेले फळ नसते. ताणाने आपण झाडाला फुलण्याची खूण देतो. तुमच्या वेलीवर आज फूल आणायचे नाही, फळात साखर पोहोचवायची आहे. ताणाचे औषध खरे असले तरी दुखणे वेगळे आहे. त्यांच्याशी बोलताना ‘तुमचे चुकते’ असे म्हणण्याची गरजच नाही. फुटव्यांवर फळ लगडलेले असताना तुम्ही कधी संत्र्याचे पाणी तोडले असते का, एवढेच विचारून पाहा. मला वाटते, उत्तर तेच देतील.

तरीही एक शंका उरते, आणि ती रास्त आहे. पाणी तोडलेल्या बागेत ब्रिक्स चढल्याचे अनेकांनी स्वतः पाहिले आहे, मग ते खोटे का? खोटे नाही, पण तिथे नेमके काय चढले हे तपासायला हवे. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या घटकांचे प्रमाण, आणि पिकत्या द्राक्षात त्यातला बहुतांश भाग साखरेचा असतो. साखर तेवढीच राहून पाणी उडाले तरी प्रमाण वाढते. म्हणून नुसता ब्रिक्स मोजू नका, मणी तोलाही. बागेच्या निरनिराळ्या ओळींतून, घडाच्या वरून, मधून आणि टोकाकडून, पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे असे १०० मणी तोडा, घरच्या किंवा सोनाराच्या काट्यावर त्यांचे वजन करा, मग सगळ्यांचा रस एकत्र करून ब्रिक्स पाहा. समजा, वजन ३०० ग्रॅम आणि ब्रिक्स १५.५ आला, तर विद्राव्य घटक झाले ४६.५ ग्रॅम. पाचव्या दिवशी पुन्हा १०० मणी घेतले आणि वजन २८० ग्रॅम, ब्रिक्स १६.५ भरला, तर घटक होतात ४६.२ ग्रॅम. ब्रिक्स एक अंशाने चढला, पण साखर नव्याने आलेली नाही. २० ग्रॅम पाणी तेवढे गेले. याउलट वजन ३०५ आणि ब्रिक्स १६ आला, तर ४८.८ ग्रॅम झाले, म्हणजे वेल खरोखर साखर पाठवते आहे. पहिल्या प्रकारात दहा क्विंटल मालामागे ६५ किलोंहून जास्त वजन हवेत जाते, आणि माल तर वजनावरच विकला जातो. शिवाय असा सुरकुतू लागलेला मणी पेटीत दोन दिवसही टिकत नाही. पाणी तोडून मिळणारा एक ब्रिक्स कितीला पडतो, हा हिशेब सासऱ्यांना आणि यजमानांना एकत्र बसवून मांडा.

मोजण्याविषयी आणखी थोडे, कारण तुमचे पत्र वाचताना मला इथे चुकचुकल्यासारखे झाले. तुम्ही लिहिले आहे की व्यापारी दुपारी येतो आणि तेव्हाच रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स मोजण्याचे उपकरण, लावला जातो. साधा, तापमानाची दुरुस्ती आपोआप न करणारा रिफ्रॅक्टोमीटर २० अंशांसाठी आखलेला असतो. उपकरण आणि रस ३० अंशांवर असले तर आकडा साधारण ०.८ ने कमी दिसतो, आणि बांधावर उन्हात ठेवलेल्या उपकरणाच्या बाबतीत तूट त्याहून मोठी असते. म्हणजे तुमचा १५.५ हा खरे तर १६.५ च्या जवळपासचा असू शकेल. उपकरणावर दुरुस्तीची खूण आहे का ते पाहा. असो वा नसो, ते सावलीत ठेवा, आधी ऊर्ध्वपातित पाण्याने शून्यावर आणा, आणि सकाळी सातला, मणी थंड असताना मोजा. व्यापाऱ्यालाही सकाळी बोलवा. दोघांची उपकरणे एकाच मण्याच्या रसावर लावून पाहण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

हवेचे तापमानही स्वतःच्या बागेत मोजलेले बरे. साधा तापमापक मांडवाखाली, घडाच्या उंचीवर, सावलीत टांगा. उपकरणावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, याचा अनुभव नागपूरने घेतला आहे: मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली होती, आणि ती संवेदकातील बिघाडामुळे झाल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले.

नाशिकच्या मैत्रिणीचा सल्ला तिच्या जागी योग्य आहे. तिच्याकडे जानेवारीच्या कोवळ्या उन्हात घडाजवळची दोन-तीन पाने काढली तर हवा खेळते, घडावर प्रकाश येतो आणि बुरशी कमी राहते. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तेच पान घडाची छत्री असते. थेट उन्हात लटकलेल्या मण्याचे तापमान हवेपेक्षा १० अंशांहूनही अधिक चढू शकते. हवा ४१ वर असताना मणी ५० च्या पुढे गेला तर सालीवर तपकिरी चट्टा पडतो आणि तो मणी मग गोड झाला काय आणि न झाला काय, पेटीतून बाजूलाच काढावा लागतो. गेल्या वर्षी हिंगण्याकडच्या एका छोट्या बागेत मी भर दुपारी उभी होते. दक्षिणोत्तर ओळ होती. एकाच वेलीवर पूर्वेच्या बाजूचा घड पानांआड हिरवागार, हाताला जेमतेम कोमट. पश्चिमेच्या बाजूला, जिथले पान बगलफुटी काढताना निघून गेले होते, तिथला घड उन्हात तापलेल्या पितळी तांब्यासारखा लागत होता, आणि वरच्या खांद्यावरचे मणी शिजल्यासारखे पारदर्शक झाले होते. वेल एक, पाणी एक, खत एक. फरक फक्त दोन पानांचा.

आणि पान हे केवळ छत्रीही नाही. एक किलो द्राक्ष नीट पिकण्यासाठी साधारण ०.८ ते १.२ चौरस मीटर पानांचे क्षेत्र लागते, म्हणजे घराच्या दाराच्या निम्म्याएवढे. पाने काढली तर साखर बनवणाराच कमी झाला. म्हणून एकही हिरवे पान आता काढू नका. जिथे घड उघडे पडले आहेत तिथे पश्चिमेच्या बाजूने उभी जाळी बांधा. संत्र्याच्या रोपवाटिकेवरून उतरवलेली जुनी, ५० टक्के सावलीची जाळीही चालेल, पण ती मांडवावर आडवी पसरू नका. पश्चिमेला उभी असली तर सकाळचा कामाचा प्रकाश पानांना मिळतो आणि दुपारचा मारा अडतो. केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी पानांचा ताप कमी करते, पण खाण्याच्या द्राक्षावर तोडणीच्या तोंडाशी तो थर धुऊन काढणे फार कटकटीचे आहे, त्यामुळे ती यंदा नको.

कृषी केंद्रातल्या बाटलीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. बाटलीवर काय घटक आहेत ते वाचा. पालाश असेल, तर पालाशाचा साखरेच्या वहनात खरोखर वाटा आहे, पण पानाच्या देठाच्या प्रयोगशाळेतील तपासणीत कमतरता निघाली तरच तो द्यावा आणि तोही ठिबकातून. ४१ अंशांत पानावर क्षार फवारले तर उरलेली पाने करपतील. इथेफॉनसारखे संप्रेरक असेल, तर ते रंगीत जातींना रंग आणण्यास मदत करते, मणी मऊ करते; साखर बनवणे त्याच्या हाती नाही, आणि तुमची द्राक्षे हिरवी आहेत. फवारणी आणि तोडणी यांच्यामधल्या प्रतीक्षा काळाचा प्रश्न वेगळाच. बाटलीवर घटकच लिहिलेले नसतील तर ती दुकानातच राहू द्या.

मग पाणी द्यायचे कसे? भारी काळ्या जमिनीत दोन्हीकडून चूक होऊ शकते. वरून भेगा पडलेल्या दिसल्या म्हणून भरमसाट पाणी सोडले, तर खाली मुळे गुदमरतात, आणि बरेच दिवस कोरड्या राहिलेल्या बागेला एकदम पाणी मिळाले तर मणी तडकतात. दोन ड्रिपरच्या मध्ये दीड वीत खोल माती काढून मुठीत दाबून पाहा. तिचा लाडू वळला आणि बोटांना ओल लागली पण पाणी सुटले नाही, तर ओल पुरेशी आहे. लाडू फुटला तर पाणी वाढवा. एकाच वेळी तासन्‌तास चालवण्यापेक्षा वीज मिळेल त्याप्रमाणे रात्री आणि पहाटे असे दोन हप्ते करा, म्हणजे सकाळी सहा ते दहा या वेळात, पान खरे काम करते तेव्हा, वेल पाण्याने भरलेली असेल. ओळीत मुळांवर सोयाबीनचे कुटार किंवा बारीक केलेली पऱ्हाटी चार बोटे जाड पसरा. पश्चिम महाराष्ट्रात यासाठी उसाचे पाचट वापरतात, आपल्याकडे कुटार प्रत्येक घरी असते. भर दुपारी घडांवर पाण्याचे फवारे मात्र मारू नका. त्याने क्षणभर गारवा मिळतो, पण मण्यांवर क्षारांचे डाग राहतात आणि घडाच्या आत कूज लागण्याची भीती असते.

पहिल्याच पिकाला वेलीवर किती घड ठेवले आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही. पहिले पीक धरताना हात आखडत नाही, हे मी समजू शकते. पण पाने दिवसातून तीन-चार तासच काम करत असतील, तर ती साखर जितक्या घडांत वाटली जाईल तितका प्रत्येकाचा वाटा लहान होईल. उन्हाने डागलेले, बारीक काडीवरचे आणि सगळ्यांत मागे असलेले घड आजच काढून टाका. मन होत नसेल तर निदान दोन ओळींत करून पाहा, आणि त्या ओळींचे १०० मणी वेगळे तोला.

विक्रीकडेही वेगळ्या बाजूने पाहता येईल. द्राक्षाची चव केवळ साखरेवर ठरत नाही, साखर आणि आंबटपणा यांच्या मेळावर ठरते. ताप वाढला की मण्यातले मॅलिक आम्ल श्वसनात लवकर खर्च होते, टार्टारिक आम्ल त्या मानाने टिकून राहते. त्यामुळे आपल्याकडचे साडेसोळा ब्रिक्सचे द्राक्ष थंड हवेतल्या तेवढ्याच ब्रिक्सच्या द्राक्षापेक्षा जिभेला गोड लागू शकते. १८ ची अट लांबच्या बाजारात माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याची आहे. तुमच्यापासून नागपूर दीड-दोन तासांवर आहे. कळमन्याच्या बाजारात किंवा शहरातल्या एखाद्या फळविक्रेत्याकडे दोन पेट्या घेऊन जा आणि आकडा सांगण्याआधी त्यांना मणी खायला द्या. भाव कमी मिळेल, पण वजन गमावून आणि आणखी दहा दिवस उन्हाची जोखीम घेऊन मिळणाऱ्या भावाशी त्याची तुलना करा. एक मर्यादा मात्र मी घालून घेईन: १०० मण्यांच्या दोन मोजण्यांत, पाच दिवसांच्या अंतराने, एकूण साखर वाढलेली दिसली नाही तर थांबण्यात अर्थ नाही, तोडणी सुरू करा. तोडणी पहाटे, आठच्या आत उरका आणि माल तासाभरात सावलीत, थंड जागी न्या. तापलेला घड पेटीत भरला की तो तासन्‌तास तापलेलाच राहतो.

राहिला यजमानांचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हे पीक आपल्या भागाचे आहे की नाही? कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या परिसरात जुलैमध्ये दिवसाचे सरासरी कमाल तापमान ३७ अंशांच्या आसपास असते आणि तिथे थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षाचे मळेच्या मळे पिकतात. चीनमधले तुर्फान खोरे त्याहूनही तापते, आणि तिथे कारेझ नावाच्या भूमिगत कालव्यांच्या पाण्यावर शतकानुशतके द्राक्ष होत आले आहे. म्हणजे तापलेल्या प्रदेशात द्राक्ष होतच नाही असे नाही. पाणी हाताशी असावे लागते आणि पाने राखावी लागतात. आपल्याकडे तर आणखी एक सोय आहे, जी त्यांच्याकडे नाही. आपण छाटणीने वेलीचे वेळापत्रक ठरवतो. फ्रेस्नोच्या वेलीला उन्हाळ्यातच पिकावे लागते, तुमच्या वेलीला नाही. यंदा ती एप्रिलमध्ये पिकते आहे, ती छाटणी नोव्हेंबरअखेर झाली म्हणून, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीने फुटी आणखी रेंगाळल्या म्हणून.

तोडणीनंतर वेलींना दोन-तीन आठवडे पाणी देऊन विश्रांती द्या आणि एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या वाढवण्यासाठीची छाटणी, घ्या. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कोवळ्या फुटी जपाव्या लागतील, तेव्हा कुटाराचे आच्छादन आणि जाळी दोन्ही राहू द्या. मग १० ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणीला वेली तयार असतील. तेव्हा छाटले तर फुलोरा नोव्हेंबरच्या मध्यानंतर येतो, पाऊस सहसा सरलेला असतो आणि डाऊनी (केवडा) या बुरशीचा धोका उतरतो. मण्यांत पाणी जानेवारीत उतरते आणि माल फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात तयार होतो. आपल्याकडे फेब्रुवारीत दुपारचा पारा सरासरी ३२ अंशांच्या आसपास असतो, आणि पानाला साखर बनवायला तो फारसा जड जात नाही. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानाधारित सल्ला जरूर वाचा, पण तो मुख्यतः नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या भागांसाठी असतो. त्यातल्या तारखा तशाच उचलू नका, अवस्था उचला आणि तारखा आपल्या हवेप्रमाणे बसवा. ऑक्टोबरमध्ये जमिनीत पाणी साचते हे तुमच्या बागेचे मूळ दुखणे आहे. छाटणी वेळेवर व्हायची असेल तर या पावसाळ्याआधी ओळींच्या मधून चर काढून पाणी बाहेर नेण्याची सोय करा. माझ्या मते यंदा खर्च करायचाच असेल तर तो पहिला इथे व्हावा.

म्हणून यजमानांना माझे सांगणे असे की दोन हंगाम द्या. मांडव आणि ठिबक यांचा खर्च होऊन गेला आहे, तो उपटून परत येणार नाही. पण दुसरा एकर मात्र इतक्यात लावू नका, आणि उरलेल्या संत्र्याकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. वेळेवर छाटूनही दोन वर्षे मार्चच्या मध्यापर्यंत साखर भरली नाही, तर वेली काढण्याचा निर्णय मीही मान्य करीन, आणि तेव्हा तुमच्या हाती दोन वर्षांच्या नोंदी असतील.

सासऱ्यांसाठी एक काम राखून ठेवले आहे. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचे घड ठरतात, आणि त्या दिवसांत द्राक्षाचे पाणीही थोडे आवरते घेतात, म्हणजे शेंड्याची वाढ मंदावते आणि डोळ्यात घड बसतो. पूर्ण तोडायचे नसते, आवरायचे असते, आणि ते किती हे पान पाहून ठरवावे लागते. तुमच्याकडे हे दिवस जूनमध्ये येतील. पाऊस लांबला तर ठिबकाची चावी त्यांच्या हाती द्या. झाडाला ताण किती सोसतो हे नजरेने ओळखण्याची तीन पिढ्यांची सवय तिथे उपयोगी पडेल.

१०० मण्यांची दोन्ही वजने, सकाळचा ब्रिक्स आणि वेलीवरचे घड किती, एवढे मला पुढच्या पत्रात कळवा.